एसी बंद

४ मे
सगळं बदललं ते आज सकाळी. सानिकाने माझ्या ओल्या भिंतीकडे बघून म्हटलं, "हे थापीचे मार्क्स असेच ठेव हं. ब्यूटिफुल!" बास. ती डिझायनर, दुबईतच वाढलेली, शाळाही इथलीच, ऊद मेथाची. मी इंजिनिअरिंग सेकंड इयरला सोडून मामाच्या टीमवर चुना लावणारा. तरीपण.

७ मे
मालकीण मॅडमना या विलात भूमध्य समुद्राकाठचं खेडं हवंय. चुन्याच्या भिंती, मातीच्या फरश्या, वेताच्या खुर्च्या, तागाचे पडदे. मामा म्हणाला, "चिपळूणला हेच होतं. ते फोडून आम्ही टाइल्स बसवल्या!" सानिका एवढी हसली, माझा हात थांबला.
मामा ओरडला, "यल्ला हिरो, चल चल, चुना वाळतोय!"

१० मे
हॉलची मोठी भिंत झाली. एकट्याने केली. दारावर मोठ्ठं लिहिलं: एसी बंद. चुना सावकाश सुकायला हवा, रोज दोनदा पाणी फवारायचं. घामाने निथळलो. सानिकाने थंड लबान, म्हणजे इथलं ताक, आणून दिलं. "किती सिरियस आहेस रे तू!"
रे म्हणाली.

१२ मे
मॅडम पडदे बघायला आल्या. सानिकाने एसी लावला. अठरावर! म्हटलं, भिंत फुटेल. "फक्त टेन मिनिट्स रे, त्यांना गरम होतंय." तेवढ्यात मामाने मला खुर्च्या आणायला ड्रॅगन मार्टला पिटाळलं. संध्याकाळी आलो तर एसी चालूच. कुणी नाही.

१३ मे
भिंतभर चिरा. मॅडम भडकल्या. सानिका माझ्याकडे न बघता, "लेबरने पानी कम मारा होगा, मॅम."
लेबर!!
मामा म्हणतो, "गप बस. खरं बोललास तर पोरीची नोकरी जाईल. माफी माग, खरवड, खलास."
माफी? मी? माझी चूक काय...

१४ मे
खरवडत होतो. ती आली. "सॉरी रे. मी प्रोबेशनवर आहे. तू समजून घे ना."
"घेतो. फक्त मॅडमना सांग, एसी तू लावलास. सगळी भिंत परत करून देतो."
ती फोनच बघत राहिली. तेवढ्यात मॅडम खाली आल्या. "किसकी गलती है, बताओ."
मामा माझ्याकडे बघतोय. तीही. नाव अगदी जिभेवर आलेलं. थापी जमिनीवर आपटली. तिला मराठीत म्हटलं, "आता तू बोल," आणि बाहेर पडून दार धाडकन लावलं.