धावपट्टीचे दिवे

जुळे सोलापूर,
४ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
शहाजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनवर ओरडून माझाच घसा बसायचा, त्यापेक्षा हे पत्र बरं. इकडं सगळे ठीक. सगळे म्हणजे मी आणि अजिंक्य, तिसरं आहे कोण.

तुझ्या लाडक्याला वैमानिकच व्हायचंय. बारावीनंतर दुसरीकडं कुठं अर्जसुद्धा केला नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टरी तपासणी, ती पार पडली की प्रशिक्षणाची जागा पक्की. तोवर सराव म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर विमान चालवायचा सिम्युलेटर बसवतोय. आमचं मशीन म्हातारं, त्याला विंडोज झेपेना, म्हणून पोरानं त्याच्या जागी लिनक्स घातलंय. त्यात पासवर्ड टाईप केला तर पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. कीबोर्ड बिघडला समजून मी तो उलटा करून झाडला, टूथब्रशनं घासला. पोरगं पोट धरून हसलं. कुणी वाचू नये म्हणून ते तसंच असतं म्हणे.

विमान उडालं की कळवतो. पाठीवर हात असू दे.

तुझा,
शहाजी


मैंदर्गी,
११ ऑगस्ट

चि. शहाजीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

कीबोर्ड घासलास हे वाचून लई हसले. लहानपणी रेडिओ धुतला होतास, अजून तसाच हाईस की. पोराला म्हनावं, मैंदर्गीवरनं गेलास तर खाली बघ, आत्या अंगणात उभी हाय. मेंढरं बरी हाईत. त्याला वेळेवर जेवायला घाल.

तुजी,
मुक्ताअक्का


जुळे सोलापूर,
१ सप्टेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न.

विमान उडतंय. दिवसा सुरेख उतरवतो. पण पडद्यावर संध्याकाळ केली की सगळं चुकतं. धावपट्टी सुरू होते तिथं हिरवे दिवे असतात, संपते तिथं लाल. ह्याला दोन्ही एकसारखेच दिसतात. चित्र दाखवणारा ड्रायव्हर म्हणून एक प्रोग्राम असतो, तो लिनक्सवर नीट बसलेला नाही असं त्याचं म्हणणं. बारा दिवस झाले, तो काढतोय आणि घालतोय. दोनदा अख्खं लिनक्स पुसून नव्यानं घातलं.

काल तो आंघोळीला गेल्यावर मी खुर्चीत बसून पाहिलं. अक्का, मला हिरवे दिवे हिरवे दिसले आणि लाल लाल. तो यायच्या आत मी खुर्चीतून उठलो, त्याला अजून सांगितलेलं नाही.

त्याची आई गेल्यावर चौथीपर्यंत तो तुझ्याकडं वाढला. तुला कधी काही जाणवलं होतं का? खरं लिही. तपासणी अठरा तारखेला आहे.

शहाजी


मैंदर्गी,
८ सप्टेंबर

चि. शहाजीस,
अ. आ.

व्हय, जाणवलं होतं. आपल्या मेंढरांच्या पाठीला लाल पट्टा, शेजारच्या धुळाच्या मेंढरांना हिरवा. अजिंक्य रोज धुळाची दोन-चार आपल्यात हाकलून आणायचा. धुळा त्याला चोर म्हनायचा, पोरगं रडायचं. मला वाटलं, बिनआईचं लेकरू, मन थाऱ्यावर न्हाय. मग मी आपल्या मेंढरांच्या कानाला खाच पाडली आनि हातानं चाचपून ओळखायला शिकवलं. परत कधी चुकला न्हाय. किती हुशार झाला म्हनून मी गावभर सांगत फिरले.

डोळ्याचं हाय हे ध्यानातच आलं न्हाय रे. माज्या मायेनंच पोराचं वाटोळं केलं. तपासणीआधी त्याला सांग. तुज्याच्यानं होत नसेल तर हे पत्र त्याच्या हातात दे.

मुक्ताअक्का


जुळे सोलापूर,
२९ सप्टेंबर

ती. आत्यास,
अजिंक्यचा नमस्कार.

तुझं पत्र बाबांनी मला दिलं नाही. तपासणीवरून आल्यावर त्यांच्या उशीखाली सापडलं. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं होतं. ठिपक्यांत आकडे असतात म्हणे. मला पहिल्या पानावरचा तेवढा वाचता आला. रंगांधळेपणा म्हणून नापास केलं, जागा गेली. दुसऱ्या डॉक्टरांकडंही जाऊन आलो, तेच. ह्याला औषध नाही, ऑपरेशन नाही.

ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून बरोबरच होता. सिम्युलेटरमध्ये घड्याळ थांबवता येतं. मी ते दुपारी बारावर थांबवलंय, म्हणजे दिव्यांची गरज पडत नाही. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसतात, छान उतरवलंस म्हणतात.

वाटोळं केलं असं तू लिहिलंस, तसं मला वाटत नाही. चोर म्हणवून घेण्यातून तू मला सोडवलंस. एवढंच वाटतं, की सात वर्षांचा असताना कळलं असतं, तर मी दुसरं काहीतरी आवडून घेतलं असतं. आता काय आवडावं ते समजत नाही.

तुझी माया आहे तशी राहू दे.

अजिंक्य