ओव्याची धुरी

जासई, पौष, १९८६

प्रिय सुचित्रा,

तुझ्या आईच्या हुकमावरून कळवतो की बाळंतपणाला तू इकडे येऊ नयेस, कल्याणलाच सासूबाईंजवळ राहावंस. कारण म्हणून 'पोल्ट्रीचा वास' असं लिहायला सांगितलंय. ते लिहिलं. तुझं तोंड केवढं झालं असेल ते मला इथून दिसतंय. पहिलटकरणीला माहेर नाही म्हणणारी आई आपल्या गावात अजून जन्मायची होती. पण रागावण्याआधी पुढचंही वाच. ते मी तिला वाचून दाखवणार नाही.

घरामागची ब्रॉयलरची शेड तू पाहिलीस, पण तिथला औषधोपचार तू सासरी गेल्यावर सुरू झाला. दुकानातल्या पुड्यांवर तुझ्या आईचा विश्वास नाही. लसूण, हळद, सुकवलेली तुळस, कडुनिंबाचा पाला असं सगळं कुटून-वाटून ती खाद्यात हातानं कालवायला लागली. मला म्हणाली, "एवरा सौंस्कृत शिकलाव, त्या पोथ्यांत कोंबरीचा औषध बगा की." पाहिलं. कुक्कुट ग्रंथोग्रंथी आहे. स्निग्ध, उष्ण, बलवर्धक. कोंबडी कोणाला मानवते ते सविस्तर आहे, कोंबडीला काय मानवतं याविषयी ऋषी गप्प. तिनं पोथीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे त्यांनी नुसती खाल्लीच." तीस वर्षं व्याकरण शिकवतोय, पण इतकी नेमकी टीका कुठल्या टीकाकाराची वाचली नाही.

पक्ष्यांनी मात्र खरोखर छान अंग धरलं. मग प्रेमाच्या भरात लसूण वाढला आणि विकायच्या दिवसापर्यंत चालू राहून मांसात उतरला. मोरा बंदरावरचा खाणावळवाला कान्हा दारात येऊन म्हणाला, "गोजराबाय, फोरनी तुमीच घालून धारली काय? मंग आमी काय करायचा?" तेव्हापासून विकायच्या आधी आठवडाभर लसूण बंद. तुझी आई हसली, शिकली, पुढे गेली. हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की चुकल्यानं खचणारी बाई ती नव्हे.

खचली ती धुरीनं. थंडी सुरू झाली तशी नवी पिल्लं शिंकायला लागली. सगळी कापसाच्या बोंडाएवढी. आता गावातली निम्मी पोरं तुझ्या आईच्या पायांवर न्हालेली. कोणाचंही तान्हं शिंकलं की तिच्या हाताला आपोआप सुचतं ते काय? ओवा, वावडिंग, शेगडीत निखारे, आणि वारा लागू नये म्हणून दारं बंद. तिनं तेच केलं. भर दुपारी शेडचे गोणपाटाचे सगळे पडदे सोडले, घमेल्यात निखारे घेऊन वर ओवा टाकला आणि पिल्लांना जरा शेक मिळू दे म्हणून घरात येऊन चहा टाकला. धुराला घाबरून पिल्लं एका कोपऱ्यात पळाली, एकमेकांवर चढली. तिनं गोणपाट वर केलं तेव्हा वरची चिवचिवत होती. खालची नव्हती.

पनवेलहून जनावरांचे डॉक्टर आले. भला माणूस. म्हणाले, "वहिनी, खाद्यातला पाला चालू ठेवा, त्यानं काही बिघडलं नाही. पण पिल्लाची छाती ती केवढी! त्यात धूर कुठं मावणार?" तिनं मान हलवली. त्यांना चहाही दिला. उरलेली पिल्लं आता चांगली वाढताहेत. पाला, हळद सगळं वेळेवर मिळतं. फक्त खाद्य ती हल्ली हातानं कालवत नाही, फावड्यानं कालवते.

परवा शेजारच्या वेणूबाई नातवाला न्हाऊ घालायला बोलवायला आल्या, तर हिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हणाली, "माझे हातांना खरूज आली हाय, दुसरी कोनी बघ." मी हात पाहिले आहेत. खरूज नाही, काही नाही. तुझ्या बापाला धातू चालवता येतात. बायकोचे हात पदराबाहेर कसे काढावेत, याला सूत्र सापडत नाही.

म्हणून हे पत्र, पोरी. तिला वासाची भीती नाही. तुझ्या पोटातल्या जिवाला आपले हात लागतील याची भीती आहे. ठरल्याप्रमाणे सातव्यात ये. जावईबापूंना माझं नाव सांग. आल्यावर शेडमधलं काही कळल्याचं दाखवू नकोस, समजावू नकोस, आणि हो, रडू तर मुळीच नकोस. ती ताबडतोब तुला काढा पाजेल. मूल झालं की धुरीला खुशाल नाही म्हण, तुझ्या डॉक्टरांचं नाव पुढे कर. पण पहिल्या आंघोळीला दुसऱ्या कोणालाही बोलावू देऊ नकोस. पाट मांड, तिला बसव, आणि ती खरूज म्हणायच्या आत बाळ तिच्या पायांवर ठेव.

तुझाच,
हुकूम मोडलेला
बाबा