दुखतं का, याचं उत्तर

प्रिय मुंगळ्या,

हे पत्र तुझं तू वाचायचं, आईच्या हातात द्यायचं नाही. अडलास तर पुढे सरकायचं, मीही लिहिताना अडले की पुढेच सरकते. माझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून नाचलेली. पण तुझ्या आजीची शाळा दुसरीत सुटली आणि तू आता दुसरीत आहेस, म्हणजे सध्या आपण बरोबरीचे. पुढच्या वर्षी माझ्या चुका काढ, यंदा नाही.

परवा फोनवर तू अगदी हळू विचारलंस, आजी, खरं सांग, रक्त काढताना दुखतं का? आणि मी म्हटलं, आईकडे दे बरं फोन. तुला वाटलं असेल, ही पण सगळ्यांसारखीच. तसं नाही रे राजा, मला माहीतच नव्हतं! डॉक्टरांनी रक्त तपासायला लिहून दिलं की ती चिठ्ठी मी डब्यात ठेवायची आणि डबा वरच्या फळीवर. कुणी विचारलं तर म्हणायचं, जाईन की उद्या. तुझा मामा म्हणतो, आईचा उद्या म्हातारा झाला तरी उजाडला नाही.

तुझी मागची सगळी हकीकत आईनं मला सांगितलीय. आधी सगळे म्हणाले, काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल. मग एकानं पाय धरले, एकानं खांदे, आणि तू अशी लाथ झाडलीस की बाटल्यांचा ट्रेच खाली. बाबा तर भिंत धरून खाली बसले. चांगला दांडगा माणूस, पण टोमॅटो कापताना सुद्धा नजर फिरवतो, त्याला काय करणार? आई पोटातल्या बाळाला सांभाळत दारातच उभी राहिली. एवढं सगळं होऊन रक्त निघालंच नाही. आता मंगळवारी पुन्हा जायचं म्हटलं की तू पलंगाखाली जाऊन बसतोस म्हणे. अरे, तू खेळता खेळता मध्येच का बसतोस, तोंड असं पांढरं का पडतं, हे डॉक्टरांना बघायचंय. तू पलंगाखाली आणि डॉक्टर दवाखान्यात, मग त्यांना कळायचं कसं?

तर मी फळीवरचा डबा काढला. मामाला म्हटलं, चल. त्यानं माझ्या कपाळाला हात लावला. म्हणाला, आई, ताप आहे का तुला?

ती जागा म्हणजे एक लांबट खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या, रंगीत टोपणांच्या बाटल्या, आणि रक्त काढणारी एक बाई, तुझ्या मामीच्या वयाची, केस घट्ट बांधलेले. माझ्या आधी तुझ्याएवढाच एक मुलगा होता, शर्टाचं बटण चावत बसलेला. मी मनात म्हटलं, बघू या आता याला कशी धरते. तर ती बाई सरळ जमिनीवर उकिडवी बसली, त्याच्या डोळ्यासमोर डोळे येतील अशी. कुणाच्या मांडीवर बसायचं, कुठला हात द्यायचा, सगळं त्यालाच विचारलं. हातावर आधीच कसलंसं मलम लावून ठेवलं होतं, त्यानं कातडी बधिर होते म्हणे. दंडाला बांधायचा रबरी पट्टा आधी त्याच्याच हातात दिला. त्यानं तो बापाच्या दंडाला करकचून बांधला! बाप ओय ओय करतोय आणि पोरगा हसतोय. मग बापानं त्याला मांडीवर घेऊन मिठी मारली. धरलं नाही हं, मिठी मारली, त्यात फरक असतो. आणि बाई म्हणाली, थोडं टोचेल. रडलास तर चालेल, ओरडलास तरी चालेल, हात तेवढा दगडासारखा ठेव. मग बापाला म्हणाली, तुम्ही फुगे उडवा. बाप साबणाचे फुगे उडवतोय, पोरगा ते मोजतोय, आणि झालं सुद्धा. रडला थोडा. कुणी त्याला भित्रा म्हटलं नाही.

मग माझा नंबर. मी म्हटलं, बाई, मला कुणाची मांडी? तिला एवढं हसू आलं! म्हणाली, आजी, मांडी नाही, पण माझा हात घ्या. माझी बोटं गार, शिरा रुसून आत बसलेल्या. तिनं गरम पाण्याची पिशवी हातावर ठेवली आणि म्हणाली, घाई नाही, येतील त्या. मोठ्यानं ओरडली नाही, लहान बाळाशी बोलतात तसं बोबडं बोलली नाही, माझ्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला येऊन नीट बोलली. पट्टा बाहीवरून बांधला, कारण म्हाताऱ्यांची कातडी कांद्याच्या सालीसारखी असते, नुसत्या पट्ट्यानं पण फाटते. नंतर चिकटपट्टीसुद्धा लावली नाही, कापूस मलाच दाबून धरायला लावला. उठू मात्र लगेच दिलं नाही. मी म्हटलं, त्याला फुगे आणि मला काही नाही? तर तिनं खरंच फुगे उडवले रे! मामा दारात तोंडावर हात ठेवून उभा.

आता तुझं उत्तर. दुखतं. खोटं कशाला सांगू? पण मुंगीसारखं मुळीच नाही. मुंगी न सांगता चावते आणि चावून झाल्यावरही आग होत राहते. सुई सांगून टोचते आणि लगेच थांबते. मी डोळे मिटून मनात ‘मुंगळ्या’ म्हणायला सुरुवात केली आणि ‘ळ्या’ येईपर्यंत दुखणं संपलं होतं. तुला नुसतं टोचलं असतं तर तू लाथ मारली नसतीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. काही होत नाही म्हणाले आणि हातपाय धरले, म्हणून मारलीस.

निघताना तिनं माझ्या पदराला चांदणीचं स्टिकर लावलं. शेजारणीला दाखवून झालं, दूधवाल्याला दाखवून झालं. तुला पाठवत नाहीये. तुझं तू मिळव.

आणि आता जे सांगायला बसले ते. हे उत्तर मामाच्या फोनवरूनही सांगता आलं असतं. पण डॉक्टर मला म्हणाले होते, रक्त तपासल्याशिवाय तुमच्या घरापर्यंतचा एवढा प्रवास करायचा नाही. काल रिपोर्ट आला. साखर थोडी वर आहे, बाकी आजी ठणठणीत, खुशाल जा म्हणाले. आईच्या मांडीवर सध्या बाळानं जागा धरलीय, आणि बाबांना मांडीवर घ्यायची वेळ तुझ्यावरच यायची. तू मात्र लहानपणापासून गुळाला मुंगळा चिकटावा तसा मांडीला चिकटणारा, बिनमांडीचा तू कसा जाशील? मी रविवारी पोचतेय. तुमच्या दवाखान्यातल्या रक्त काढणाऱ्या बाईंना आईनं आधीच सांगून ठेवलंय की या वेळी कुणी धरणार नाही, मलम आधी लावायचं आणि जे होईल ते खरं सांगायचं. फुग्यांची बाटली मी घेतलीय. पलंगाखालून बाहेर ये, मला काही तिथे वाकून शिरता येत नाही.

तुझीच,
मांडी रिकामी ठेवलेली
आजी