ग्रामसभा माझ्या स्वयंपाकघरात

नाहूर, ता. ३ नोव्हेंबर

चि. राजाराम यास अ. उ. आ.

सरपंच तू आंबेखोलचा, मग तुझी ग्रामसभा माझ्या घरात कशाला? गावात म्हातारी आणि माकडं उरली, मतं सगळी मुंबईत, म्हणून सभा मुंबईत, हे तुझं डोकं. नांगर धरायचास तेव्हा बरा होतास. काल मुलुंडचा अंबादास माझ्या ओट्यावर चढून गावच्या पाखाडीच्या पायऱ्यांसाठी भांडला. पाय माझ्या कणकेत. तरी ठराव मंजूर. शेजारची श्वेता हळूच विचारून गेली, कोण गेलं तुमच्याकडे.

येत्या रविवारी माझ्या श्रुतिकासाठी दहिसरचे पाहुणे येतायत. चैतन्य तिने स्वतः पसंत केलाय, फक्त मोठ्यांची बैठक व्हायचीय. रविवारची सभा दुसरीकडे ने. फोन उचलत नाहीस, म्हणून बसवाल्या अनंताकडे पत्र देतेय.

लोभ आहे, जागा नाही.
तुझी वनमालाताई

आंबेखोल, ता. ५

ती. ताईस शि. सा. न.

सभेची दवंडी पिटून झाली, आता तारीख हलत नाही. पाहुण्यांनाही बसव, तेवढीच सभा भरलेली दिसेल. मी कापणी टाकून येतोय. लग्न होऊन तू तिकडची झालीस, तरी गावच्या मतदार यादीतलं तुझं नाव मी कुणाला काढू दिलं नाही, एवढी माझी माया. निवडणूक आलीय. समोर कोणी नाही, बिनविरोध येतो.

लोभ वाढवावा, चहात दूधही.
राजाराम

नाहूर, ता. १०

चि. राजाराम यास नुसता आ.

काल तुझ्या डोळ्यांदेखत झालं, तरी लिहिते. पाहुण्यांना गावकरी समजून सतरंजीवर दाटीत बसवलं. श्रुतिका पोहे घेऊन आली, तर अंबादास म्हणे हा विषय आजच्या सभेपुढे नाही, पुढच्या वेळी घ्या. आणि तू खुर्चीवरून मान डोलावलीस. सख्खी भाची रे ती तुझी. चैतन्यचे वडील उठले, म्हणाले, "मग आम्हीपण तहकूब." गेले. पोरगी कालपासून जेवली नाही.

तू बस गाठायला पळालास, त्यानंतरचं तुला माहीत नाही. मी लाटणं आपटून सभेला विचारलं, या गावाचा कारभार कोण चालवतं, सरपंच की माझा गॅस? मग अंबादासच म्हणाला, ताईच उभ्या राहू देत. सगळे हात वर. माझं नाव यादीत आहे, तूच ठेवलंस. निवडून आले तर सभा गावच्या देवळात. पायऱ्या हव्यात त्याने गावी यावं.

अर्ज शुक्रवारी भरायचाय. दहिसरला जाऊन पाहुण्यांचे पाय धरतोस आणि त्यांना परत आणतोस, की मी अर्ज भरू? गुरुवारपर्यंत कळव.

लोभाचं त्यानंतर बघू.
वनमाला