दगडातले पाच थेंब

२ मार्च
आजपासून रोज लिहायचं. चहा दोनदाच. मोबाईल फक्त कामापुरता. ही वही कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरं तेच लिहीन.

तर खरं हे की ३० एप्रिलला माझी पीएचडीची मुदत संपते. ही चौथी वाढीव, आणि शेवटची. तोवर थीसिस जमा नाही झाला तर नाव कटलं. पण होणारच. विषय सोपा आहे. शेल म्हणजे चिखलाचे थर दबून झालेला दगड. त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा झाडपाला अडकलेला असतो, आणि जमिनीच्या पोटात मंद आचेवर शिजत त्याचं तेल होतं. निसर्गाला घाई नाही. मला आहे. म्हणून दगडाचा भुगा पाण्यासोबत बंद नळकांड्यात घालायचा, आच कित्येक पट वाढवायची, तीन दिवसांत तेल. मग त्या तेलाचं रसायन तपासायचं. झालं.

वणीकडच्या कोळसा खाणीतून जुन्या विद्यार्थ्यानं काळ्या शेलचं पोतं पाठवलंय. नळकांडं इथल्याच, नांदुऱ्याच्या लेथवाल्यानं करून दिलं. जाड लोखंड, आठ बोल्ट. प्राचार्यांनी ते कॉलेजच्या लॅबमध्ये तापवायला मनाई केली. स्फोट होईल म्हणे. घरी न्हाणीमागच्या शेडमध्ये भट्टी लावली.

६ मार्च
पहिली फेरी. तेल नाही. काळं पाणी. मधे लाईट गेली होती, त्यामुळे ही फेरी धरायची नाही.

९ मार्च
दुसरी फेरी. काळं पाणी. बोल्ट ढिले असावेत.

अमरावतीहून गाईड सरांचा फोन. म्हणाले, तायडे, दगड आधी तपासून घ्या, आणि एक कोरी फेरी करा, म्हणजे दगड न घालता नुसतं पाणी तापवा. नळकांड्यातूनच काही येत असेल तर कळेल. मी हो म्हटलं. नुसतं पाणी उकळायला मी काय चहाची टपरी टाकलीय?

११ मार्च
नळकांडं आतून गंजलं! धुऊन ठेवलं होतं, दोन दिवसांत तांबडं. फार ओरडलो. या घरात माझ्या संशोधनाची कुणाला फिकीर नाही, असं म्हणालो. अश्विनी म्हणाली, अवो, काऊन एवढे तापता, मी पाहते ना त्याचं. तिला शांतपणे सांगितलं की हे विज्ञान आहे, तुझं खातं नाही.

१५ मार्च, सकाळ
तेल!!
पाण्यावर तीन थेंब. पिवळसर, चकाकणारे. शेडमध्ये एकटाच रडलो, लिहायला लाज नाही. काजल डोकावली आणि म्हणाली, पप्पा, भजे तळल्यावानी वास येऊन राह्यला. पोरीचं लग्न ठरल्यापासून तिचं लक्ष खाण्यापिण्यातच आहे.

२१ मार्च
पाच थेंब. उत्पादन वाढतंय! माझा सिद्धांत: लोखंडाच्या आतल्या भिंतीमुळेच तेल सुटतं. एका पोत्यावरून अख्ख्या खाणीचा हिशेब मांडला. आकडा कागदावर मावेना. नमुना आणि थोडा दगड पुण्याच्या लॅबला पाठवला. सरांनी विचारलं, कोरी फेरी केली का. हो म्हटलं. मनातल्या मनात केलीच होती.

२९ मार्च
पत्रिकेचा मजकूर आला. वरपिता डॉ. भगवानराव, देऊळघाट. ते जनावरांचे डॉक्टर आहेत. खाली वधूपिता म्हणून नुसता गजेंद्र तायडे. प्रेसवाल्याला सांगितलं, इथंही डॉ. टाक. काजल म्हणाली, पप्पा, अजून झालं नाई ना, राहू द्या ना साधं. तिला समजावलं की लग्न मे महिन्यात आहे, तोवर झालेलो असेन. सर म्हणतात थीसिस दिल्यावरही तोंडी परीक्षेला काही महिने लागतात. पण दगडातून तेल काढणाऱ्याला कोण ताटकळत ठेवील?

८ एप्रिल
रिपोर्ट नाही. लॅबला तीनदा फोन केला. आता उचलत नाहीत.
चहा सहाव्यांदा.
पंचवीस वर्षं शिकवतोय. मी शिकवलेली पोरं डॉ. होऊन माझ्याच स्टाफरूममध्ये बसतात. गॅदरिंगला सगळ्यांचे सत्कार झाले की शेवटी सूत्रसंचालक म्हणतो, आणि तायडे सर. हे 'आणि' मला सोसत नाही. एवढं एक होऊ दे.

१७ एप्रिल, दुपार
रिपोर्ट आला.
तेल खाद्य आहे. बहुधा सरकीचं. शेलच्या तेलात ज्या खुणा असाव्या लागतात, त्यातली एकही नाही.
दगडाचा वेगळा रिपोर्ट: यात देण्यासारखं काही उरलेलं नाही. सर फोनवर म्हणाले, तायडे, लाव्हाच्या उष्णतेनं हा दगड माणूस जन्मायच्या आधीच शिजून संपलाय, आता कितीही तापवा.
लॅबनं नमुना बदलला. नक्की. कुणाचा तरी डबा सांडला असेल त्यात. शिवाय नांदुऱ्याच्या हवेतच सरकी आहे.

१८ एप्रिल
शेडमध्ये गेलो. अश्विनी नळकांड्यात हात घालून बसली होती. हातात फडकं, बाजूला तेलाची वाटी. म्हणाली, अवो, लोखंडाचं भांडं हाय, धुऊन तसंच ठेवलं तं जंग चढते. तुम्ही तं ध्यान देत नाई. त्या दिवशी ओरडले ना, तवापासून मी दर खेपेले तेलाचा हात फिरवते, तव्याले फिरवते तसा. मागच्या खेपेले जरा जास्तच लावलं. तुमचं काम बिघडू नाई म्हून.
ओरडायला तोंड उघडलं होतं. ती इतकी खुशीत होती.
छान केलंस, म्हणालो.

१९ एप्रिल
अजून अकरा दिवस आहेत. नळकांडं साबणानं घासलं, शेडला कुलूप घातलं. दगड बदलायला वेळ नाही, पण पोत्याच्या तळाशी एखादा तुकडा कच्चा राहिला असेलच.

२३ एप्रिल
काळं पाणी.

२७ एप्रिल
काळं पाणी. ते बाटलीत भरून ठेवलंय. का, ते माहीत नाही.

३० एप्रिल
आज संपलं. सर म्हणाले, तब्येतीला जपा.

२ मे
पत्रिका छापून आल्या. पाचशे. सगळ्यांवर डॉ. गजेंद्र तायडे. प्रेसवाला म्हणतो, पुन्हा छापायला आठवडा लागेल. तेवढा वेळ नाही.

काजलनं एक पत्रिका उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, पप्पा, तसंही हळदकुंकवाचं बोट लावाच लागते, कोपऱ्यावर लावाच्या ऐवजी तुमच्या डॉ. वर लावू. पोरगी हुशार आहे. घरभर पत्रिका पसरल्या. तिघं बसलो. मी एकेक बोट टेकवत गेलो. हळद जाडसर, डॉ. गडप. पन्नासेक पत्रिकांपर्यंत फार बरं वाटलं. वाळल्यावर उचलून पाहिलं तर कागद पारदर्शक झालेला, आणि सोनेरी डागाच्या मधोमध डॉ. आधीपेक्षा ठळक. मागूनही वाचता येतो.

अश्विनी म्हणाली, कोरडी हळद झडून जाते ना, म्हून मी तेलात कालवली. वाटी माझ्यापुढे धरून विचारलं, तेल कमी पडलं काय?

नाही, म्हणालो. बरोबर आहे.