तुमच्या वर्षश्राद्धाला आणलेलं उसनं कुत्रं

प्रिय आत्याबाई,

सून सासूला पत्र लिहिते का कधी? तेही सासू जाऊन वर्ष झाल्यावर! पण आज तुमचं वर्षश्राद्ध झालं, आणि त्यात जे घडलं ते माझ्याच तोंडून तुम्हाला कळावं. पाहुणे जेवून गेलेत. खिरीचं पातेलं अजून मोरीत तसंच पडलं आहे, त्यावर माश्या घोंगावताहेत. मी तुमच्या खोलीत बाजेला टेकून खाली बसले आहे आणि किराण्याच्या वहीची मागची कोरी पानं काढून लिहिते आहे.

खरं सांगू? मला शिसारी आली आहे. कुत्र्याच्या जखमेची यायची तेवढी येऊन गेली. आता आली ती माणसांची. तुमच्या घरच्या माणसांची, आणि त्यात सगळ्यात आधी माझी.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझं मनगट धरलं होतं. आठवतं का? तुमचं बोलणं तेव्हा अर्धं आतच राहायचं. तुम्ही म्हणालात, "सुमन, भुऱ्याले सांभाळजो वं." मी तुळशीकडे हात करून म्हटलं, "सांभाळीन, आत्याबाई." लेक नाही, नातू नाही, शेवटचा शब्द कुत्र्यासाठी! तेव्हाही माझ्या मनात आलंच, की ही बाई मरतानाही कुत्र्याला सोडत नाही.

आणि मी सांभाळलं हो! सकाळी एक भाकर, संध्याकाळी एक भाकर, वर्षभरात एकदाही खाडा नाही. चतुर्थी असो, एकादशी असो, माझा उपास असेल पण भुऱ्याचा नव्हता. मला त्याचा मोठा गर्व होता. पण ती भाकर मी कशी देत होते ते तुम्ही पाहिलं नाही. ओट्यावर उभी राहून, पदर सावरून, गोठ्याच्या दिशेनं फेकायची. तो शेपटी हलवत जवळ यायला लागला की "तिकडेच!" म्हणून ओरडायची. माझी पूजा व्हायची असायची ना! वर्षभरात मी त्याच्या अंगाला बोटही लावलं नाही.

तुम्ही मात्र त्याचं डोकं मांडीवर घ्यायच्या. कानातले गोचीड एकेक करून काढायच्या, रॉकेलच्या वाटीत टाकायच्या, आणि वर मलाच हाक मारायच्या, "पाय वं सुमन, केवढा फुगला हा!" मला ओकारी यायची. मी आत निघून जायची. तुम्ही हसायच्या. एकदा तरी मला दटावून शेजारी का बसवलं नाही? गोचीड कसा धरायचा, कान उलटा करून आत कसं पाहायचं, हे मला कोण शिकवणार होतं? हा माझा तुमच्यावर राग आहे, आणि तो आज लिहूनच टाकते.

या पावसाळ्यात घरात वास यायला लागला. मेल्यासारखा. मला वाटलं, उंदीर मेला. तीन दिवस मी उंदीर शोधला, आत्याबाई! गव्हाच्या कोठ्या सरकवल्या, माळा झाडला, देवघराची फळी काढून पुसली, धूप जाळला. चौथ्या दिवशी भुऱ्या भाकरीला आला नाही. झाडू घेऊन गोठ्यात गेले, तर तो कडब्याच्या आड पडलेला. मी झाडूच्या दांड्यानं ढोसलं. त्यानं मान वळवली आणि त्याचा डावा कान मला दिसला. कानाच्या मुळाशी रुपयाएवढं भोक होतं आणि आत काहीतरी हलत होतं.

माझा उंदीर तो होता. जिता.

मी तिथेच ओकले. यांना हाक मारली, तर तुमचे थोरले चिरंजीव नाकाला रुमाल लावून लांबूनच म्हणाले, "पेट्रोल ओतू का? किडे मरतीन." प्रकाशभाऊजींना फोन केला. तुमचा धाकटा, तुमचा लाडका, शहरात फ्लॅटमध्ये राहणारा. तो म्हणाला, "वहिनी, पोत्यात घाला अन् धाड गावच्या बाजारात सोडून द्या. मटणाच्या दुकानामागे जगते ते." त्याला लहानपणी ताप आला की भुऱ्याची आजी त्याच्या बाजेखाली बसून राहायची, असं तुम्हीच सांगायच्या ना? मी फोन ठेवला. तुळशीकडे केलेला हात आठवला म्हणून ठेवला. माया आली म्हणून नाही. खोटं कशाला लिहू?

दुसऱ्या दिवशी उंद्रीहून चिखलीला दवाखान्यात जायला जीपवाल्याला हात केला. त्यानं काच खाली केली आणि लगेच वर केली. मग बोटभर उघडून म्हणाला, "काकू, हे काय आणलं बाप्पा! माह्या सवाऱ्या उतरतीन." शेवटी यांच्याच गाडीवर निघालो. भुऱ्याला पोत्यात घातलं, मान तेवढी बाहेर, आणि ते पोतं माझ्या मांडीवर. रस्ताभर मी तोंडानं नामस्मरण केलं आणि नाक दुसरीकडे ठेवलं. एकदा भुऱ्यानं माझ्या कोपराला नाक लावलं. ओलं, गरम. मी कोपर काढून घेतलं.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीएवढी असेल. हातमोजे घालता घालता म्हणाली, "मावशी, डोकं धरा."

"मी?"

"मंग काय, मीच धरू अन् मीच काढू?"

मी धरलं. तिनं जखमेत टर्पेंटाइनचे थेंब सोडले आणि आतून ते एकेक वर यायला लागले. ती चिमट्यानं काढून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकत होती. भुऱ्या थरथरत होता, पण दात दाखवले नाहीत. मी डोळे मिटले, तर ती म्हणाली, "डोळे उघडा मावशी, नाहीतर सोडून द्याल. किती दिवस झाले याले?"

"काल दिसलं," मी म्हटलं.

"दिसलं काल असन. झालं कधी?"

मी तर उंदीर शोधत होते.

तिनं इंजेक्शन दिलं, जांभळा फवारा मारला आणि नीट समजावलं. रोज ड्रेसिंग. रोज एक गोळी, सात दिवस, मधे थांबायचं नाही. माशी बसू द्यायची नाही. खाजवू नये म्हणून गळ्यात कॉलर. तेलकट, गोड, तळलेलं काही नाही, साधा भात द्यायचा. मी मान हलवली. कॉलर घेतली नाही. घरी फुटकी बादली होती, तिचा तळ कापला आणि त्याच्या गळ्यात अडकवली. पिवळी बादली घालून तो अंगणात फिरायला लागला तसे हे म्हणाले, "पाणी भरायले निघाला का रे?" त्या दिवशी आम्ही दोघं हसलो. तेवढं एक चांगलं झालं.

पुढचं ऐका, आणि ऐकून मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

तीन दिवसांत जखम सुकली. वास गेला. भुऱ्या भाकरीला यायला लागला. मी पाकीट पाहिलं, चार गोळ्या उरल्या होत्या. बऱ्या झालेल्या कुत्र्याला औषध कशाला वाया घालवायचं? पुढे कधी झालं तर कामी येतील! मी त्या देवघराच्या फळीवरच्या डब्यात ठेवून दिल्या, कापूर ठेवतो ना, त्या डब्यात. उरलेल्या सुपाऱ्या जपून ठेवाव्यात तशा. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. मी काडेपेटीतली जळलेली काडीसुद्धा दुसऱ्या चुलीसाठी ठेवते.

आणि मग तुमचं वर्षश्राद्ध आलं. दोन दिवस आधीपासून मी घर सारवलं, भांडी घासली, आदल्या रात्री उडीद भिजत घातले. स्वयंपाक सोवळ्यात करायचा होता. आता या हातांनी कुत्र्याची जखम पुसायची आणि त्याच हातांनी तुमच्यासाठी वडे थापायचे? छे! मी दोन दिवस ड्रेसिंग केलं नाही. तुमच्यासाठीच केलं नाही. म्हणजे पाहा, तुमच्याच जिवाला तुमच्याच नावानं सोडून दिलं!

आज पानं वाढली. कावळ्याचं पान कौलावर ठेवलं, गायीचं गोठ्यात दिलं. कुत्र्याचं पान हातात घेऊन मी बाहेर आले, तर प्रकाशभाऊजी म्हणाले, "त्या सडक्याले नका देऊ वहिनी. पाहुण्यायले किळस येईन. मी आणलं दुसरं."

दुसरं! वरच्या आळीतलं एक पांढरं कुत्रं सुतळीनं बांधून आणलं होतं. धुतलेलं, गुबगुबीत. आईच्या श्राद्धाला उसनं कुत्रं! ते बिचारं घाबरून मागेच ओढत होतं, आणि भाऊजी त्याला खिरीकडे ढकलत होते, "खा बे! खाय न!" माणसं हात जोडून उभी. काय ते दृश्य! तुम्ही असत्या तर पायातली वहाण काढली असती.

तेवढ्यात गोठ्याकडून भुऱ्या आला. बादली पायरीवर ठण्ण करून आपटली. पुन्हा तोच वास. पाहुण्या बायांनी पदर नाकाला लावले. आणि मी काय केलं, आत्याबाई? तुमच्या दिवशी, तुमच्या दारात, तुमच्या भुऱ्याला मी म्हटलं, "हाड!"

तो थांबला. गेला नाही. तुम्ही ज्या पायरीवर बसून त्याला घास द्यायच्या, तिथंच उभा राहिला. दुपारची वेळ त्याला बरोबर ठाऊक होती.

शेजारच्या गोदाबाई पंगतीत बसल्या होत्या. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "काऊन वं सुमन, सासूचं कुत्रं दारात उभं अन् वाटा परक्याच्या कुत्र्याले? म्हातारीचा वाटा काय, चुकीच्या पत्त्यावर पाठवायचा हाय का?"

काही जणी हसल्या. भाऊजी म्हणाले, "काकू, जेवा न तुम्ही."

मी पान खाली ठेवलं. खाली उतरले, बादली वाकडी केली आणि कान उलटा केला. काठाला पुन्हा वळवळत होते. थोडे होते, पण होते. मी सोवळ्यातच होते, अंगावर स्वयंपाकाचं ओलं लुगडं. यांना म्हटलं, "गाडी काढा." हे म्हणाले, "पंगत अर्धीच झाली अजून." मी म्हटलं, "अर्धी वाढून ठेवली हाय. काढा गाडी." आयुष्यात पहिल्यांदा यांच्यावर आवाज चढवला, तोही चाळीस माणसांसमोर.

डॉक्टरीणबाईनं कान पाहिला आणि पहिला प्रश्न तोच केला, "गोळ्या पूर्ण दिल्या?"

खरं तेच म्हटलं, "नाही. चार उरवल्या."

"उरवल्या?" तिनं चिमटा खाली ठेवला. "लोणच्याच्या फोडी होत्या का मावशी, उरवायले? अन् ड्रेसिंग?"

"दोन दिवस नाही केलं. सासूचं श्राद्ध होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, भुऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चिमटा उचलला. "कोणाचं कुत्रं हे?"

"सासूचं," मी म्हटलं.

ती खाली मान घालून किडे काढायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. सगळं पाहिलं. कानाचा काठ जाईल म्हणाली. उरवलेल्या चार गोळ्यांना आणखी तीन जोडून दिल्या. आता सात दिवस माशी बसू दिली नाही आणि औषध चुकवलं नाही तर जगेल. नाहीतर किडे आत डोक्याकडे जातील.

आलो तर भाऊजी निघायच्या तयारीत होते. मी भुऱ्याला तुमच्या खोलीत आणलं, खाली पोतं टाकलं आणि वरून तुमची मच्छरदाणी बांधली. भाऊजी दारातून म्हणाले, "आईची मच्छरदाणी कुत्र्याले? शी! वहिनी, काही किळस वाटते का तुम्हाले?"

मी म्हटलं, "वाटते न भाऊजी. सकाळपासून वाटते."

ते डबा न घेताच गेले. वडे तसेच पडलेत. गोदाबाईंना देईन.

मघाशी देवघरातल्या डब्यातून एक गोळी काढली. नुसता भात मळला, त्याचा मुटका केला, आत गोळी दाबली आणि मच्छरदाणीत हात घातला. भुऱ्यानं भात खाल्ला आणि गोळी नेमकी बाहेर टाकली. तुमचाच पठ्ठ्या! मग जबडा उघडला आणि जिभेच्या मागे बोट घालून गोळी आत सरकवली. त्याची लाळ कोपरापर्यंत आली. मला मळमळलं, अजूनही मळमळतं आहे. हात धुतला. आंघोळ मात्र केली नाही. दिवा तसाच लावला.

तुमचा वाटा भुऱ्याला पोहोचला, आत्याबाई. खीर नाही, वडा नाही, नुसता कोरडा भात आणि आत गोळी. चालेल ना तुम्हाला?

हे वचन मी तुळशीकडे हात करून देत नाही, तो हात खोटा ठरला. भुऱ्याच्या कानाखाली हात ठेवून देते. उरलेल्या गोळ्या उरणार नाहीत. सोवळं असलं तरी जखम आधी धुतली जाईल. पुढच्या वर्षी तो असला तर पहिलं पान त्याचं, माझ्या हातानं, तुमच्या पायरीवर. आणि नसला, तर ते पान रिकामंच राहील. या दारात तुमच्या नावानं उसनं कुत्रं पुन्हा येणार नाही.

मच्छरदाणीत माशी शिरली वाटतं. थांबते.

तुमची सून,
सुमन