बायकांची गॅलरी कोणी बंद पाडली

लिहून ठेवणार श्रीमती साळूबाई भिमा ओव्हाळ, वय, जन्माची नोंद कोणी न केल्यामुळे, अंदाजे चौसष्ट, धर्म बौद्ध, राहणार भोर, जिल्हा पुणे. पूर्वीची नोकरी: चौकातल्या टॉकीजमध्ये बायकांच्या गॅलरीची डोअरकीपर.

हे मृत्युपत्र मी माझ्या मर्जीने, दिवसाउजेडी, चहा पिऊन, कोणाच्याही दटावणीशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. त्याबद्दल पाच वर्षांपूर्वी निम्म्या भोरने शंका घेतली होती. खुलासा खाली येईल. अक्षरे मी पंचेचाळिसाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात शिकले. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असल्यास तो दोष मास्तरांचा समजावा.

कलम १. नदीकडच्या आळीतले माझे दीड खणाचे घर, पत्र्यासकट, भाची जाईबाई हिला द्यावे. माझे पती भिमा भाटघरच्या धरणावर कामाला होते, ते १९४८ साली वारले. त्यांचे पुतणे दरवर्षी वेल्ह्याहून येतात, भिंती टोकरून बघतात आणि मग माझी तब्येत विचारतात. तब्येतीचाच कळवळा असेल, तर मी मेल्यावर त्यांना येण्याचे कारण उरत नाही. पोस्टातली शिल्लक आणि माझी वेताची छडीही जाईबाईलाच. तिचा नवरा बरा आहे, तरी छडी घरात असलेली बरी.

कलम २. माझी पितळी कळशी वकिलांच्या पत्नी गीताबाई यांना द्यावी. १९४९ साली मी टॉकीजमध्ये झाडायला लागले. आठ वर्षांनी आधीच्या डोअरकीपर ठकुबाई गुडघे धरल्यामुळे घरी बसल्या, तेव्हा मालकांनी मला दारावर उभे केले. पहिल्याच खेळाला गीताबाईंनी तिकीट माझ्या हातात न देता जमिनीवर टाकले. मी वाकले नाही. म्हटले, "बाई, खाली पडला त्यो कचरा. कचरा झाडायचं काम म्या कालपातूर केलं. तिकीट आसंल तर हातात द्या."

गीताबाई मध्यंतरापर्यंत जिन्यातच उभ्या राहिल्या. आत गाण्यांवर गाणी चालली होती. शेवटी तिकीट हातात आले. कळशीतले पाणी प्यायचे की तुळशीला घालायचे, हे त्यांनी ठरवावे.

कलम ३. टॉकीजचे मॅनेजर कुंडलिक यांना माझ्या मालमत्तेतून काडीही देऊ नये. कारण लांबलचक आहे, पण तेच या कागदाचे मुख्य काम आहे.

१९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. त्या सकाळी मी गॅलरीत गेले तर मागच्या भिंतीत, तुळई टेकते तिथे, बोट जाईल एवढी भेग. कुंडलिकला दाखवली. म्हणाला, "संस्थानच्या वक्ताची इमारत हाय. तुज्या-माज्यापरीस टिकंल." आणि भेगेवर पोस्टर चिकटवले. पहिल्या वर्षी नटीचे तोंड पुरले. तिसऱ्या वर्षी हत्ती-घोड्यांसकट आख्खी लढाई लावावी लागली. पावसाळ्यात छत गळे. पुढच्या बायका छत्री उघडून पिक्चर बघत, मागच्या त्यांना शिव्या घालत. मालक थकले, मुलगा पुण्याला राहिला, डागडुजीचे नाव कोणी काढले नाही.

१९७१ च्या नागपंचमीला देवाचा पिक्चर लागला. शंभराच्या गॅलरीत दोनशे बायका. मध्यंतराच्या आधी माझ्या डोक्यावर वाळू पडली. बॅटरी मारून पाहिले, तर लढाई मधोमध फाटली होती. खाली कुंडलिककडे धावले.

"खेळ थांबवा. तुळई सरकलीया."

"हाऊसफुल हाय, साळे. तोंड उघडलंस तर उद्यापास्नं येऊ नगंस."

मी वर आले. तुळईचे सांगून एकही बाई उठली नसती. पडद्यावर देव प्रकट व्हायचे होते. म्हणून ओरडले, "साप! बाकाखाली साप!" सकाळी ज्याला दूध-लाह्या वाहिल्या, तो दुपारी स्वतः भेटायला आला म्हटल्यावर एकही भक्तीण थांबली नाही. छडी आपटत, ढकलत, मी गॅलरी रिकामी केली. गीताबाईंचा पाय मुरगळला. त्यांना पाठुंगळी घेऊन जिना उतरले. पाठीवर बसून त्या 'शिवलीस' म्हणाल्या नाहीत. "लौकर चल गं," म्हणाल्या.

मग काहीच पडले नाही. साप सापडला नाही. गॅलरी निर्लज्जासारखी उभी. माझी नोकरी गेली. मी घरी बसून स्वतःच्या हाताने नगरपालिकेला अर्ज लिहिला. साहेब आले, पोस्टर फाडून भेग पाहिली आणि टॉकीजला कुलूप लावले.

भोरकरांना पिक्चर बघायला एस.टी.ने पुणे गाठावे लागे, आणि त्या तिकिटाचे पाप माझ्या माथी आले. पोरे मला बघून फुस्स करत. नळावर मी गेले की बायकांच्या घागरी चटकन भरत. "साळीनं टॉकीज खाल्ली," असे मी स्वतःच्या कानाने ऐकले. मला राग आला नाही असे लिहिले तर हे मृत्युपत्र खोटे ठरेल. शिवाय अंथरुणावर पडल्यावर मलाही वाटे, की तुळई खरेच सरकली होती, की मला तसे दिसले?

१९७४ च्या उन्हाळ्यात मालकांच्या मुलाने इमारत पाडायला दिली. सगळा चौक बघायला जमला. मीही गेले, लांब उभी राहिले. गवंड्याने बाहेरून, खालच्या भिंतीला पहिली पहार मारली. वर कोणी हातही लावला नव्हता. आख्खी गॅलरी बाकांसकट खाली आली. माणूस कोणी आत नव्हते. धूळ बसल्यावर तुळई दिसली. आतून वाळवीने खाल्लेली, नुसता कोंडा. लोक तुळईकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग आपापल्या चपलांकडे.

त्या दुपारी कुंडलिक माझ्या दारात आला.

"साळूबाय."

"बोला."

"काय न्हाई." खाली बसला. चहा दिला, तो निवला. मग म्हणाला, "माजी लेक रतन वर हुती त्या दिशी. पोटुशी."

"ठावं हाय मला. पयली तिलाच ढकलली."

मान खाली घालून म्हणाला, "तुमी ठावं आसून बोलला न्हाई?"

"तुमी इचारलं कवा?"

तेव्हापासून दोन वर्षे तो दर आठवड्याला येतो, चहा पितो आणि जातो. पण चौकात माझ्या बाजूने एक शब्द बोललेला नाही. म्हणून काडीही नाही.

कलम ४. या मृत्युपत्राची व्यवस्था बघण्यास मी त्याच कुंडलिक यांना नेमते. मॅनेजरच तो, त्याला काम पाहिजे. माझे बौद्ध पद्धतीने दहन झाल्यावर त्याने टॉकीजच्या मोकळ्या जागेवर उभे राहून कलम ३ मोठ्याने, एकही ओळ न गाळता वाचावे.

कलम ५. पाडकामातून मिळालेले माझे सागवानी बाक एस.टी. स्टँडवर बायकांसाठी ठेवावे. पुरुष बसल्यास उठवावे.

एवढे लिहून सही करते. यानंतर माझे मत बदलल्यास मी ते स्वतः सांगेन. पुतण्यांनी सांगितल्यास ऐकू नये.

ठिकाण: भोर. दिनांक ९ मे १९७६.
सही: साळूबाई भिमा ओव्हाळ

आमच्यादेखत सही केली:

१. रखमाजी सोपान रणपिसे, राहणार किकवी.

२. कुंडलिक धोंडिबा शेटे, राहणार भोर. सगळे वाचले. कलम ४ मंजूर नाही. बाई मरेपर्यंत थांबणार नाही. येत्या बाजाराच्या दिवशीच वाचतो, त्यांनी समोर उभे राहावे.

(वरचा मजकूर साक्षीदाराने मला न विचारता लिहिला आहे. खोडू नये. सा. भि. ओ.)